एक सेकंद म्हणजे १,६७० वर्षं

समजा, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतल्या सगळ्या माणसांना एकाच कामाला बसवलं. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार, मोखाड्याची सुमारे ८३ हजार. म्हणजे दोन्ही मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास. तान्ह्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाने दर सेकंदाला एक गणित सोडवायचं, तेही दशांश चिन्हासह लांबलचक आकड्यांचं. झोप नाही, जेवण नाही, भातलावणीची सुट्टी नाही, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणं नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, ‘अर्का’ नावाचा महासंगणक आहे. तो पूर्ण ताकदीने एका सेकंदात जेवढी आकडेमोड करू शकतो, तेवढी पुरी करायला या सव्वादोन लाख माणसांना सुमारे १,६७० वर्षं लागतील. आज काम संपवायचं असेल तर त्यांना चौथ्या शतकात, वाकाटकांच्या राज्यात बसायला हवं होतं. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी तेव्हा कोरायलाही घेतलेली नव्हती.

अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. आपल्या मोजणीत सांगायचं तर सेकंदाला सुमारे ११८ कोटी कोटी क्रिया. एकावर सोळा शून्यं येतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थानांच्या यादीत हे स्थान ‘मध्य’ आहे आणि त्यापुढे फक्त ‘परार्ध’ उरतो. भारताचे १४० कोटी लोक एकाच वेळी बसले तरी अर्काच्या एका सेकंदासाठी त्यांना ९७ दिवस लागतील.

हे यंत्र आणि नोएडाचं ‘अरुणिका’ यांचं लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ ला झालं. दोन्हींवर मिळून ८५० कोटी रुपये खर्च झाले. एवढं नवं, एवढं महागडं यंत्र कोणत्या भाषेत काम करतं? हवामानाच्या ज्या प्रारूपांसाठी ते आणलं, त्यांचा गणिती गाभा फोरट्रानमध्ये लिहिलेला आहे. ही संगणकभाषा एप्रिल १९५७ मध्ये बाजारात आली, म्हणजे महाराष्ट्र राज्य होण्याच्या तीन वर्षं आधी.

संगणक शिकणाऱ्या मुलांना फोरट्रानचं नाव सहसा इतिहासाच्या धड्यात भेटतं. पंचकार्डं, कपाटाएवढी यंत्रं आणि त्यासोबत फोरट्रान, कोबॉल. ‘कालबाह्य’ हा शिक्का इतक्या सहज मारला जातो की त्यामागचा हिशोब कोणी मागत नाही. जव्हार-मोखाड्याच्या पावसावर तो हिशोब फार स्पष्ट मांडता येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सह्याद्रीच्या उतरणीवर, साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर जव्हारचं पठार आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे चढतात आणि रिकामे होतात. हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून ‘अति मुसळधार’ पाऊस सुरू होतो. आपण त्याहून कमी, नुसता १०० मिलिमीटर धरू. सहा किलोमीटर लांब आणि सहा किलोमीटर रुंद एवढ्याच तुकड्यावर तो पडला तर पाणी होतं ३६० कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर ३ लाख ६० हजार टँकर, एका दिवसात. याच तालुक्यांतल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्या टँकरची वाट पाहत विहिरीशी बसतात, आणि मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणातून रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मुंबईला जातं. त्या विषमतेवर स्वतंत्र लेख लिहायला हवा. इथे एवढंच लक्षात घ्यायचं की या भागात पावसाचा अंदाज ही चैन नाही. धूळवाफेवर पेरलेलं बी पावसाने ओढ दिली तर जळतं, एकदम कोसळला तर रोपं वाहून जातात. नागली-वरईची रोपं उतारावर लावायची तर दोन दिवसांची उघडीप कधी आहे हे कळायला हवं. हळवं भात कापून शेतात पसरलेलं असताना ऑक्टोबरमधली एक संध्याकाळ वर्षाचं धान्य काळं करून जाते.

तो अंदाज कसा निघतो ते पाहू. सगळ्या पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकायची. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. चौकोन १२ किलोमीटरचा असेल तर असे सुमारे ३५ लाख चौकोन होतात. जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला त्यातले जेमतेम सात-आठ येतात. प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचायचे. भारतीय हवामान खातं वापरत आलेल्या जीएफएस प्रारूपात असे ६४ थर होते. ३५ लाख गुणिले ६४ म्हणजे सुमारे साडेबावीस कोटी खोके. प्रत्येक खोक्यातलं तापमान, वाऱ्याचे दोन घटक, बाष्प आणि ढगातलं पाणी एवढेच पाच आकडे धरले तरी ११३ कोटी आकडे झाले. ही फक्त एका क्षणाची स्थिती. सेकंदाला एक या वेगाने कुणी ती वाचून दाखवायला बसलं तर ३६ वर्षं लागतील. आणि अंदाज म्हणजे हे सगळे आकडे काही मिनिटांनी पुढे सरकवायचे, पुन्हा सरकवायचे, दहा दिवस संपेपर्यंत. पाच-पाच मिनिटांची पावलं धरली तर २,८८० वेळा. दर पावलाला प्रत्येक खोक्याने शेजारच्या खोक्यांचा वारा, दाब, बाष्प विचारायचं, ऊन किती आत आलं, ढग किती बनला, थेंब किती पडला याचं गणित करायचं.

आता चौकोन लहान करू. २६ मे २०२५ ला आयआयटीएमने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. लांबी-रुंदी अर्धी झाली की चौकोन चौपट होतात, पृथ्वीभर सुमारे १ कोटी ४२ लाख. खोका लहान झाला की वारा तो लवकर ओलांडतो, म्हणून वेळेचं पाऊलही जवळपास अर्धं करावं लागतं. काम आठपट वाढतं. सात-आठ चौकोनांच्या जागी जव्हार-मोखाड्याला तीसेक चौकोन मिळावेत, त्यासाठी साऱ्या पृथ्वीचं गणित आठपट करावं लागतं, कारण मोखाड्यावर परवा येणारा ढग आज कुठल्या समुद्रावर आहे ते आधी कळायला हवं.

इथे एक जुना माणूस आठवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन याने १९२२ च्या ग्रंथात एका प्रचंड सभागृहाची कल्पना मांडली होती. त्यात ६४ हजार माणसं बसलेली, प्रत्येकाकडे पृथ्वीच्या तुकड्याचं गणित, मध्ये उंच व्यासपीठावर एक सूत्रधार. त्याने स्वतः हाताने सहा तासांचा अंदाज काढून पाहिला, त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकलं. दाबात १४५ मिलिबारचा बदल आला, असा बदल सहा तासांत कुठेही होत नाही. पण पद्धत बरोबर होती. १९५० मध्ये एनिअॅक या संगणकावर पहिला यशस्वी अंदाज निघाला. २४ तासांच्या अंदाजाला साधारण २४ तासच लागले.

मग १९५७ आलं. आयबीएमच्या जॉन बॅकस आणि त्यांच्या गटाने ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान तयार केली. त्याआधी यंत्राच्या सूचना एकेक करून लिहाव्या लागत. जे काम हजार सूचनांचं होतं ते ४७ विधानांत बसू लागलं. माणसाने सूत्र लिहायचं, यंत्राने त्याच्या सूचना करायच्या. त्या ७०४ चा वेग होता सेकंदाला सुमारे १२ हजार बेरजा. अर्काच्या एका सेकंदाचं काम करायला त्याला ३१ हजार वर्षं लागली असती. म्हणजे या भाषेच्या हयातीत यंत्रांचा वेग जवळपास एक लाख कोटी पट वाढला. मला या सगळ्या विषयातला सर्वांत थक्क करणारा आकडा हाच वाटतो. नळ्यांचे संगणक गेले, ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, एका यंत्रात हजारो प्रोसेसर बसू लागले, ज्यांनी यंत्रं बनवली त्यांतल्या कित्येक कंपन्या बुडाल्या, आणि दाबाच्या उताराचं समीकरण लिहिणारा माणूस अजूनही त्याच घराण्याच्या भाषेत लिहितो आहे.

घराण्याच्या असं मी म्हणतो, कारण भाषा जागच्या जागी थांबलेली नाही. १९६६, १९७७, १९९०, २००३, २००८, २०१८ अशी तिची मानकं निघत गेली, आणि सगळ्यात ताजं नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. १९९० नंतर आख्खी सारणी एका ओळीत गुणता येऊ लागली, २००८ च्या मानकात हजारो प्रोसेसरांवर काम वाटून देण्याची सोय भाषेतच आली. तिच्या वेगाचं कारण मात्र जुनंच आहे. दोन सारण्या एका उपकार्यक्रमाकडे दिल्या की स्मृतीत त्या एकमेकींवर चढलेल्या नाहीत असं फोरट्रानचा कंपायलर, म्हणजे सूत्रांच्या यंत्रसूचना करणारा कार्यक्रम, नियमाने गृहीत धरू शकतो. सी भाषेत ही खात्री वेगळी द्यावी लागते. त्यामुळे फोरट्रानचा कंपायलर क्रियांचा क्रम मोकळेपणाने बदलतो, एकदम आठ-आठ आकडे उचलतो. पायथनमध्ये हेच गणित साध्या आवर्तनांनी लिहिलं तर ते पन्नास-शंभर पट हळू चालणं सहज शक्य आहे. दोन तासांत निघणाऱ्या अंदाजाला पन्नास पट वेळ लागला तर होतात शंभर तास, चार दिवसांहून जास्त. मंगळवारच्या पावसाचा अंदाज शुक्रवारी हाती येईल, तोवर रोपं ओढ्यात गेलेली असतील. पायथनवाले ही अडचण कशी सोडवतात? जड गणित खाली लॅपॅकसारख्या तयार गणिती कार्यक्रमांच्या ग्रंथालयांकडे सोपवतात. ते लॅपॅक १९९२ चं, आणि मुळात फोरट्रानमध्येच लिहिलेलं.

या भाषेशी पुण्याचं नातं जुनं आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने भारताला हवामानासाठी क्रे एक्स-एमपी १४ हे यंत्र दिलं, त्याहून मोठं द्यायला नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या विजय भटकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. क्रेवर दिल्लीत चालणाऱ्या टी-८० प्रारूपाचा चौकोन सुमारे १५० किलोमीटरचा होता. एका चौकोनात आजचे चार पालघर जिल्हे मावले असते. समुद्रकाठचं डहाणू आणि घाटावरचं मोखाडा यांना एकच पाऊस. तिथून सहा किलोमीटरपर्यंत आपण आलो. या तीसेक वर्षांत यंत्र दर काही वर्षांनी बदललं, समीकरणांचे कार्यक्रम मात्र दुरुस्त होत, वाढत पुढच्या यंत्रावर गेले. मान्सूनच्या ढगांचं कुठलं गणित कुठल्या वर्षी चुकलं आणि मग काय बदललं, हे सगळं त्या लाखो ओळींत साठलेलं आहे.

म्हणूनच ‘नव्या भाषेत पुन्हा लिहून काढा’ हा सल्ला ऐकायला सोपा आणि करायला भयंकर असतो. बँकांच्या कोबॉलकडे पाहा. कोबॉलचा जन्म १९५९ चा. जगात तिच्या वापरात असलेल्या ओळी २०१७ च्या एका बहुचर्चित अंदाजानुसार २२ हजार कोटी. सेकंदाला एक ओळ वाचली तर सात हजार वर्षं पुरतील. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळी खाती नव्या प्रणालीवर हलवली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना स्वतःचे पैसे दिसेनासे झाले. नियामकांनी पुढे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. चूक नव्या भाषेची नव्हती, पण जुन्या व्यवस्थेत मुरलेलं शहाणपण एका रात्रीत उचलून नेता येतं या समजाची नक्कीच होती. महाराष्ट्रातल्या एका पिढीला हे वेगळं सांगायला नको. २००० सालच्या तारखेच्या घोळाने, ‘वायटूके’ने, पुण्या-मुंबईच्या हजारो तरुणांना कोबॉल शिकायला लावून परदेशात नेलं. जगाच्या तिजोऱ्या कुठल्या भाषेत बोलतात ते त्यांनी आतून पाहिलं.

मोखाड्याचा माणूस आगगाडी पकडायला कसाऱ्याला किंवा इगतपुरीला जातो. त्याच्या आरक्षणामागची ‘कॉन्सर्ट’ ही प्रणालीही फोरट्रान आणि सी यांत बांधलेली. २२ मे २०२५ ला एका मिनिटात ३१,८१४ तिकिटांची नोंद झाली, सेकंदाला ५३०. रेल्वेने आता मिनिटाला दीड लाख तिकिटांचं लक्ष्य ठेवून नवी रचना हाती घेतली आहे. ते योग्यच आहे. जुनी भाषा जपायची म्हणजे जुनी यंत्रणा कुजत ठेवायची असं नव्हे.

फोरट्रानच्या विरुद्धही खरा मुद्दा आहे, तो लपवणार नाही. नवे सर्वांत वेगवान संगणक ग्राफिक प्रोसेसरांवर चालतात, आणि तिथे सी++ च्या साधनांची वाट जास्त रुळलेली आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने आपलं ढगांचं बारीक प्रारूप सी++ मध्ये नव्याने लिहिलं आणि सव्वातीन किलोमीटरच्या चौकोनांवर दिवसाला वर्षभराहून जास्त हवामान चालवून दाखवलं. त्याला २०२३ चं हवामान प्रारूपांसाठीचं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं. म्हणजे पुनर्लेखन शक्य आहे, पण त्याला वर्षानुवर्षं टिकणारा गट आणि तसाच पैसा लागतो. दुसरीकडे ब्रिटिश हवामान खात्याने आपलं पुढच्या पिढीचं प्रारूप कोऱ्या पानावरून लिहायला घेतलं तेव्हा सगळे पर्याय समोर असताना पुन्हा फोरट्रानच निवडली. त्या प्रारूपाला रिचर्डसनच्याच नावावरून ‘एलएफरिक’ म्हणतात.

आणि कृत्रिम बुद्धिमत्ता? २०२५ च्या खरिपात केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर पाठवले. त्यामागे एआय प्रारूपं होती आणि हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या. ही प्रारूपं शिकली कुठून? युरोपीय हवामान केंद्राने १९४० पासूनच्या जागतिक हवामानाची तासातासाने जी पुनर्रचना केली आहे, तिच्यावरून. ती पुनर्रचना करणारं प्रारूप फोरट्रानमध्ये आहे. अगदी ताज्या एआयने ज्या पुस्तकातून पाऊस शिकला, ते पुस्तक या सत्तरीला टेकलेल्या भाषेने लिहिलेलं आहे.

जव्हारच्या माणसाला हा अनुभव दुसऱ्या रूपात परिचयाचा असेल. नागली आणि वरई ही गरिबाची, मागासलेली धान्यं म्हणून कित्येक वर्षं दुर्लक्षिली गेली, आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. धान्य तेच होतं, उताराची जमीनही तीच होती.

म्हणून माझं मत ठाम आहे: वय पाहून भाषेला कालबाह्य ठरवणं हा आळस आहे. भाषा जुनी होते ती काम उरलं नाही किंवा ती जाणणारं माणूस उरलं नाही तेव्हा. फोरट्रानचं काम वाढतंच आहे. काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरना बेरोजगार भत्त्याची प्रणाली सावरायला कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक द्यावी लागली होती. हवामानाच्या बाबतीत ती वेळ आपल्यावर येऊ नये.

ऑक्टोबर २०२४ पासून हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज ग्रामपंचायतीच्या पातळीवर ‘मेरी पंचायत’ अॅपवर मिळतो. पण सहा किलोमीटरच्या चौकोनात जव्हारचं पठारही येतं आणि खालची दरीही येते, आणि दोन्हींचा पाऊस सारखा नसतो. हा चौकोन तीन किलोमीटरचा, एक किलोमीटरचा व्हायचा आहे, त्यातलं डोंगराचं गणित सुधारायचं आहे. ते कुणीतरी लिहायला हवं, आणि ज्याने तो पाऊस अंगावर घेतला आहे त्याने लिहिलं तर अधिक चांगलं. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा इथल्या महाविद्यालयांत गणित आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: पायथन जरूर शिका, पण सोबत फोरट्रानही हाती घ्या. जीफोरट्रान हा तिचा कंपायलर पूर्ण मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो.